वर्कस्टेशनच्या डिस्कवरील जागा दिसेनाशी होते : डीएफ आणि डीयू यांचे आकडे जुळत नाहीत

मोजणीदार | सोमवार, सकाळी ११:१०

आमच्या कार्यालयात ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांवरून जमिनीचे नकाशे तयार करण्याचे काम चालते आणि त्यासाठी उबुंटू २२.०४ असलेले एक वर्कस्टेशन आहे. त्यात ५०० जीबीची एसएसडी असून तिच्यावर ईएक्सटी४ या फाइलप्रणालीचे (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचे) एकच मोठे विभाजन आहे. प्रकल्पांची छायाचित्रे आणि तयार नकाशे /डेटा या जागी जोडलेल्या वेगळ्या ४ टीबीच्या हार्ड डिस्कवर असतात. म्हणजे एसएसडीवर कार्यप्रणाली, काही सॉफ्टवेअर आणि एका डॉकर कंटेनरखेरीज (इतरांपासून वेगळे ठेवून चालवलेल्या सॉफ्टवेअरखेरीज) काही असण्याचे कारण नाही.

तरीही एसएसडीवरील जागा सतत कमी होत आहे. साधारणपणे रोज दहा-बारा जीबी घटते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की काही जागा परत मिळते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तर कधी कधी आधीपेक्षाही कमी उरलेली असते. या क्षणी डीएफ (डिस्कवरील वापरलेली व उपलब्ध जागा दाखवणारी आज्ञा) एकूण ४५७ जीबी, वापरलेली ३६१ जीबी आणि उपलब्ध ७३ जीबी असे दाखवत आहे. डीयू (फाइलींनी व्यापलेली जागा मोजणारी आज्ञा) चालवून एसएसडीवरील सर्व फोल्डरांची मुळापासून बेरीज केली तर ती ११८ जीबी भरते. डिस्क वापराचा आलेख काढणारे जे सॉफ्टवेअर उबुंटूसोबत येते तेही जवळपास तेच सांगते. कचरापेटी रिकामी आहे आणि डाउनलोड फोल्डरात काही मोठे नाही. उरलेली जागा कोणत्या फाइलने व्यापली आहे हेच कळत नसल्यामुळे काय काढून टाकावे हाही प्रश्न आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निळीशाई | सोमवार, सकाळी ११:४५

मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, परंतु तुम्ही दिलेल्या आकड्यांत एक छोटे अंतर आहे. ते आधी बाजूला काढले तर पुढचा हिशेब सोपा होईल. वापरलेली ३६१ आणि उपलब्ध ७३ मिळून ४३४ होतात, ४५७ नव्हे. मधले २३ जीबी हरवलेले नाहीत. ईएक्सटी४ तयार करताना साधारणपणे ५ टक्के जागा रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी राखून ठेवली जाते, म्हणजे डिस्क तुडुंब भरली तरी कार्यप्रणालीच्या सेवांना श्वास घ्यायला वाव राहतो आणि फाइलींचे तुकडेही कमी होतात. डीएफ ही राखीव जागा 'उपलब्ध' या रकान्यात धरत नाही.

दुसरे अंतर खोक्यावरील ५०० आणि यंत्रातील ४५७ यांमधले. उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. डीएफला 'एच' हा पर्याय दिला की तो १०२४च्या पटीत मोजतो, त्यामुळे ५००चे ४६५ होतात आणि व्यवस्थापनाच्या तक्त्यांसाठी थोडी जागा आणखी वजा होते. उबुंटूतील फाइल दाखवणारी खिडकी मात्र १०००च्या पटीत मोजते, म्हणून तिथला आकडा आणि टर्मिनलमधला आकडा यांची तुलना करू नका. हे दोन्ही फरक स्थिर असतात. रोज वाढणारी गळती त्यांनी होत नाही.

खिडकीवाला | सोमवार, दुपारी १:०५

मी विंडोजवर काम करतो, तरीही अनुभव सांगतो. आमच्या एका संगणकावर सी ड्राइव्ह अशीच भरत असे. शोध घेतल्यावर विंडोज फोल्डरातील टेंप या उपफोल्डरात 'कॅब' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या शेकडो फाइली सापडल्या. अद्ययावतीकरणाची नोंद ठेवणारी सीबीएस नावाची फाइल २ जीबीच्या वर गेली होती. ती आकुंचित करणाऱ्या जुन्या अंगभूत साधनाला एवढी मोठी फाइल पेलत नसल्यामुळे ते प्रत्येक वेळी अर्धवट फाइल टेंपमध्ये टाकून थांबे आणि काही वेळाने पुन्हा तोच प्रयत्न करी. विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर ही सेवा थांबवून ती मोठी नोंद-फाइल आणि अर्धवट कॅब फाइली काढल्यावर गळती थांबली. विंडोजवर हायबरनेशनची फाइल आणि सिस्टिम रिस्टोअरच्या प्रतीही बरीच जागा घेतात आणि त्या साध्या वापरकर्त्याला दिसत नाहीत.

लिनक्ससाठीही जागा मोकळी करून देणारी तयार सॉफ्टवेअर मिळतात. त्यांपैकी एखादे वापरून पाहायला हरकत नसावी.

जुनेखोड | सोमवार, दुपारी २:३०

खिडकीवाला यांचा कॅब फाइलींचा अनुभव मोलाचा आहे, मात्र शेवटच्या सूचनेशी मी सहमत नाही. सफाईचे सॉफ्टवेअर त्याला ओळखता येणाऱ्या फाइलीच काढते. इथे जागा व्यापणारी फाइल डीयूलाही दिसत नाही, मग त्या सॉफ्टवेअरला कुठून दिसणार? शिवाय सफाईमुळे थोडी जागा मोकळी झाली तर पुरावा पुसला जातो आणि दुखणे महिनाभराने परत येते. तेव्हा मोजणीदार, तूर्त एकही फाइल काढू नका, फक्त मोजा. ७३ जीबी शिल्लक असताना घाई करण्याचे कारण नाही.

डीएफ फाइलप्रणालीलाच विचारतो की तुझे किती ठोकळे वापरात आहेत आणि ती आपल्या खातेवहीतील आकडा सांगते. डीयू तसे विचारत नाही. तो फोल्डरांतून फिरतो, जी जी फाइल नावाने सापडेल तिचे ठोकळे मोजतो आणि बेरीज करतो. म्हणून डीएफमध्ये धरलेली पण डीयूला न सापडणारी जागा तीन ठिकाणी असू शकते. एक, ज्या फोल्डरात शिरण्याची डीयूला परवानगीच नाही तिथे. दोन, नाव पुसले गेलेल्या पण एखाद्या चालू प्रक्रियेने अजून उघडून ठेवलेल्या फाइलीत. तीन, ज्या फोल्डरावर दुसरी डिस्क जोडली आहे त्या फोल्डराच्या मूळ आशयात, कारण डिस्क जोडलेली असेपर्यंत तो झाकलेला असतो. फाइलप्रणालीत बिघाड हे चौथे कारण होऊ शकते, पण ते क्वचित.

तुम्ही डीयू साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालवलेले दिसते. ते सुडोसह, म्हणजे रूटच्या अधिकाराने, चालवा आणि 'एक्स' हा पर्याय द्या, म्हणजे ते एसएसडीच्या बाहेर जाऊन /डेटावरील फाइली मोजणार नाही. डॉकर असल्यामुळे हा पर्याय आणखी आवश्यक आहे, कारण चालू कंटेनरची जोडणी केलेली थरांची प्रत त्याच फाइली दुसऱ्यांदा दाखवते आणि बेरीज उगाच फुगते. त्यानंतर सुडोसह एलएसओएफ ही आज्ञा '+एल१' या पर्यायाने चालवा. ज्यांची फोल्डरात एकही नोंद उरलेली नाही अशा उघड्या फाइली तेवढ्याच दिसतील. डीएफला 'आय' पर्याय देऊन आयनोड (प्रत्येक फाइलीची माहिती ठेवणाऱ्या नोंदी) किती उरले आहेत तेही पाहा, आणि फाइंडएमएनटी या आज्ञेने या यंत्रावर काय काय कुठे जोडले आहे ते इथे लिहा.

मोजणीदार | सोमवार, सायंकाळी ६:१५

सर्वांचे आभार. सुडो आणि 'एक्स'सह डीयूची बेरीज १७१ जीबी भरली. वाढलेले ५३ जीबी जवळजवळ सगळे /व्हार/लिब/डॉकर या फोल्डरात आहेत, आणि त्यांपैकी ३१ जीबी तर कंटेनरच्या एकाच नोंद-फाइलीचे आहेत. आयनोडांचा वापर ९ टक्के आहे, म्हणजे तिथे अडचण नाही.

एलएसओएफच्या यादीत बहुतेक ओळी किरकोळ आहेत, पण एका ओळीत ३८ जीबीची फाइल असून तिच्या नावापुढे 'डिलीटेड' असा शेरा आहे. ती छायाचित्रांच्या छोट्या प्रती तयार करणाऱ्या आमच्या अंतर्गत सेवेची नोंद-फाइल आहे. ही सेवा पूर्वी इथे काम करणाऱ्या एका सहकाऱ्याने लिहिली होती आणि ती दिवसरात्र चालू असते. /व्हार/लॉगमध्ये पाहिले तर त्याच नावाच्या आकुंचित केलेल्या अगदी लहान फाइली आहेत.

१७१ आणि ३८ मिळून २०९ होतात. ३६१पर्यंत पोहोचायला अजून १५२ जीबी कमी पडतात. फाइंडएमएनटीची यादी उद्या देतो.

काळापडदा | सोमवार, रात्री ९:४०

तुमची रोजची दहा-बारा जीबींची गळती ही ३८ जीबींची फाइलच आहे, याबद्दल मला शंका नाही. लॉगरोटेट (नोंद-फाइली आटोपशीर ठेवणारा कार्यक्रम) रोज रात्री नोंद-फाइलीचे नाव बदलतो, तिची आकुंचित प्रत करतो आणि मूळ फाइल काढून टाकतो. पण सेवेने फाइल एकदा उघडली की तिचा संबंध नावाशी राहत नाही, आयनोडशी राहतो. तिला कोणी कळवलेच नाही तर ती त्याच, आता नाव नसलेल्या, फाइलीत लिहीत राहते. फाइलीकडे निर्देश करणारे शेवटचे नाव पुसले गेले आणि ती उघडून ठेवणारी शेवटची प्रक्रियाही थांबली, या दोन्ही गोष्टी घडेपर्यंत लिनक्स तिचे ठोकळे मोकळे करत नाही. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर थोडी जागा परत मिळते ती याच कारणाने.

आत्ता जागा मोकळी करण्यासाठी यंत्र बंद करण्याची गरज नाही. सेवा तेवढी पुन्हा सुरू करा. काम मध्येच थांबवणे शक्य नसेल तर /प्रॉक या फोल्डरात त्या प्रक्रियेच्या क्रमांकाखाली एफडी नावाचे उपफोल्डर असते, त्यातील संबंधित क्रमांकाच्या फाइलीचा आकार शून्य करता येतो. मात्र सेवेने ती फाइल शेवटी जोडत जाण्याच्या पद्धतीने उघडली नसेल, तर ती जुन्याच स्थानापासून पुढे लिहील आणि आकार पुन्हा ३८ जीबीच्या वर दिसेल. त्याने घाबरू नका. मधला भाग पोकळ असतो आणि प्रत्यक्ष ठोकळे फारच थोडे वापरले जातात.

कायमच्या उपायासाठी लॉगरोटेटच्या मांडणीत कॉपीट्रंकेट हा पर्याय घाला. तो फाइलीची प्रत काढून मूळ फाइल जागच्या जागी रिकामी करतो. प्रत काढणे आणि रिकामी करणे यांच्या मधल्या क्षणात आलेल्या एखाद-दुसऱ्या ओळी हरवू शकतात, पण अशा सेवेच्या बाबतीत ते चालून जाते. सेवेला फाइल नव्याने उघडायला सांगणारा संकेत पाठवण्याची सोय असेल तर तो मार्ग अधिक चांगला. तशीही, रोज दहा जीबी नोंदी लिहिणारी सेवा नक्की काय लिहिते आहे हेही एकदा पाहाच.

डॉकरचे ३१ जीबी हे वेगळे प्रकरण आहे. डॉकर कंटेनरच्या नोंदी जेसन फाइलीत लिहितो आणि आपण मर्यादा घातली नाही तर ती फाइल अमर्याद वाढते. ट्रंकेट आज्ञेने ती शून्य करा आणि डॉकरच्या डीमन.जेसन या मांडणीत कमाल आकार ठरवून द्या. ही मर्यादा नव्याने तयार केलेल्या कंटेनरांनाच लागू होते, म्हणून आताचा कंटेनर काढून पुन्हा तयार करावा लागेल.

मोजणीदार | मंगळवार, दुपारी १२:२०

काळापडदा, अतिशय आभारी आहे. सेवा पुन्हा सुरू करताच ३८ जीबी परत मिळाले. ती प्रत्येक छायाचित्राच्या प्रत्येक तुकड्यामागे तपासणीच्या ओळी लिहीत होती. तो प्रकार बंद केला आणि कॉपीट्रंकेटही घातले. कंटेनरची नोंद-फाइल रिकामी करून मर्यादा घातली.

आता डीएफ वापरलेली जागा २९२ जीबी दाखवतो आणि डीयूची बेरीज १४० जीबी आहे. फरक अजूनही १५२ जीबींचा आहे. डॉकरची फाइल दोन्हीकडे मोजली जात असल्यामुळे तिचे ३१ जीबी दोन्ही आकड्यांतून सारखेच वजा झाले, हे मला समजले. पण हे १५२ जीबी कशाचे? एलएसओएफच्या यादीत आता मोठे काहीही नाही.

वाचनमात्र | मंगळवार, दुपारी ३:००

मी या विषयात नवखी आहे, म्हणून प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्यावे. एवढी जागा कोणालाच दिसत नसेल तर तो एखाद्या व्हायरसचा प्रकार असू शकत नाही का? की डिस्कच खराब होत चालली आहे? अशा वेळी सगळे पुसून नव्याने उबुंटू बसवणे हाच सुरक्षित मार्ग नव्हे काय?

दूरदेशी | मंगळवार, सायंकाळी ७:३५

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. डिस्क खराब होत असेल तर वाचन-लेखनात चुका येतात, यंत्र अडखळते आणि कर्नलच्या (कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदींत तसे उल्लेख दिसतात. वापरलेली जागा हळूहळू वाढत जाणे हे त्याचे लक्षण नाही. फाइलप्रणालीच्या खातेवहीत चूक असण्याची शक्यता पडताळायची असेल तर पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना एफएससीके (फाइलप्रणाली तपासणारी आज्ञा) सक्तीने चालवता येईल. घुसखोर सॉफ्टवेअर स्वतःच्या फाइली लपवू शकते हे खरे, पण दीडशे जीबी व्यापून स्वतःकडे लक्ष वेधून घेण्यात त्याचा काय फायदा?

माझ्याकडे मॅक आहे आणि तिथे अशा वेळी पहिला संशय स्नॅपशॉटवर (डिस्कच्या एका क्षणाच्या गोठवलेल्या प्रतीवर) जातो. टाइम मशीन हे बॅकअपचे साधन एपीएफएस (मॅकची फाइलप्रणाली) डिस्कवरच स्थानिक स्नॅपशॉट ठेवते आणि पुसलेल्या फाइलींची जागा तो स्नॅपशॉट असेपर्यंत मोकळी होत नाही. लिनक्सवर बीटीआरएफएस ही फाइलप्रणाली असती तर मी हेच तपासायला सांगितले असते. ईएक्सटी४मध्ये मात्र स्नॅपशॉटची अंगभूत सोय नाही, त्यामुळे ते कारण बाद. जुनेखोड यांनी सांगितलेले तिसरे ठिकाण अजून कोणी तपासलेले नाही. फाइंडएमएनटीची यादी कृपया द्यावी.

जुनेखोड | मंगळवार, रात्री ८:१०

दूरदेशी यांच्याशी सहमत. आणखी एक सोपी गोष्ट करून ठेवा. क्रॉनमध्ये (ठरावीक वेळी कामे चालवणाऱ्या सेवेत) एक ओळ घालून दर तासाला तारीख, वेळ आणि डीएफचा आकडा एका फाइलीत लिहिला जाईल असे करा. जागा थेंबाथेंबाने जाते की एका रात्रीत उडी मारून जाते, हे कळले की अर्धे काम होते. तुमच्या पहिल्या संदेशात 'कधी कधी आधीपेक्षाही कमी' असे वाक्य आहे. सेवेची नोंद-फाइल दिवसाकाठी दहा-बारा जीबी खात होती, पण यंत्र पुन्हा सुरू केल्यावर मोकळी झालेली तीस-चाळीस जीबी जागा एका रात्रीत भरून काढणे तिच्या आवाक्यातले नाही.

मोजणीदार | मंगळवार, रात्री ९:२५

दर तासाची नोंद सुरू केली. उद्या पहाटे क्षेत्रकामासाठी बाहेरगावी जात आहे आणि वर्कस्टेशनला हात लावता येणार नाही. शनिवारी परतल्यावर यादीसह कळवतो.

मोजणीदार | शनिवार, दुपारी १२:४०

परत आलो. तासागणिक नोंदीत मंगळवार रात्रीपासून शुक्रवारी सकाळपर्यंत आकडा २९२ जीबींवर जवळजवळ स्थिर आहे. शुक्रवारी दिवसभर नोंदच नाही, कारण आमच्या औद्योगिक वसाहतीत काही शुक्रवारी देखभालीसाठी वीज बंद असते आणि त्या दिवशी सकाळीच सर्व यंत्रे बंद केली जातात. सायंकाळी सातपासून पुन्हा २९२. रात्री एकच्या नोंदीतही २९२. दोनच्या नोंदीत ३१८ आणि तीनच्या नोंदीत ३४५. त्यानंतर पुन्हा स्थिर. म्हणजे मध्यरात्रीनंतर दीड-दोन तासांत ५३ जीबी गेले. डीयूची बेरीज आजही १४० जीबीच भरते.

फाइंडएमएनटीच्या यादीत एसएसडी, /डेटा आणि /एमएनटी/नॅस ही तीन ठिकाणे आहेत. नॅसचा (नेटवर्कवरील सामायिक साठ्याचा) उल्लेख आधी केला नव्हता, कारण ते वेगळे यंत्र आहे. एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून, जोडलेले असते आणि रोज रात्री दीड वाजता /डेटावरील चालू प्रकल्पांची प्रत त्यावर जाते. त्यासाठी आरसिंक या प्रती काढणाऱ्या आज्ञेची एक छोटी स्क्रिप्ट आहे.

जुनेखोड | शनिवार, दुपारी १:१५

दीड वाजता. माझ्या मते उत्तर मिळाले आहे, पण खात्री करण्यापूर्वी तीन गोष्टी सांगा. चालू प्रकल्पांचा एकूण आकार किती आहे? एफएसटॅब फाइलीत (यंत्र सुरू होताना काय कुठे जोडायचे याच्या यादीत) नॅसच्या ओळीत नोफेल (जोडणी झाली नाही तरी पुढे जा) हा पर्याय आहे का? आणि नॅसवर तारखांची जी फोल्डरे आहेत त्यांत काही तारखा गायब आहेत का, विशेषतः वीज गेलेल्या शुक्रवारनंतरच्या शनिवारच्या?

मोजणीदार | शनिवार, दुपारी २:०५

चालू प्रकल्प ५३ जीबी. नोफेल आहे. आणि हो, गेल्या दोन-अडीच महिन्यांतल्या चार शनिवारांची फोल्डरे नॅसवर नाहीत, आजचेही नाही. सहकाऱ्याला विचारले तेव्हा कळले की वीज आल्यावर सायंकाळी वर्कस्टेशन सुरू केले जाते, कारण रात्रीची प्रक्रिया लावायची असते. नॅस मात्र शनिवारी सकाळी सुरू होते आणि मग टर्मिनलमध्ये 'माउंट -ए' (एफएसटॅबमधील सर्व जोडण्या करणारी आज्ञा) दिले जाते. त्यामुळे मी जेव्हा पाहतो तेव्हा नॅस व्यवस्थित जोडलेले असते.

जुनेखोड | शनिवार, दुपारी २:५०

मग घटनाक्रम असा आहे. शुक्रवारी सायंकाळी वर्कस्टेशन सुरू झाले तेव्हा नॅस बंद होते. नोफेल असल्यामुळे कार्यप्रणालीने तक्रार न करता ती जोडणी सोडून दिली. /एमएनटी/नॅस हे त्या रात्री एसएसडीवरचे एक साधे फोल्डर होते. स्क्रिप्टला ते माहीत नाही. तिने आजच्या तारखेचे फोल्डर तिथेच तयार केले आणि ५३ जीबी एसएसडीवर उतरवले. शनिवारी सकाळी नॅस त्याच फोल्डरावर जोडले गेले आणि खालच्या फाइली झाकल्या गेल्या. आहे तिथेच आहेत, डीएफ त्या मोजतो, पण तिथपर्यंत पोहोचण्याचा रस्ताच नसल्यामुळे डीयूला त्या दिसत नाहीत. गादीखाली ठेवलेल्या पैशांसारखा प्रकार आहे.

शोध लांबला तो दोन गळत्या एकमेकींत मिसळल्यामुळे. शुक्रवारी यंत्र बंद होताना नाव पुसलेली नोंद-फाइल मोकळी होई आणि चाळीसेक जीबी परत मिळत, आणि त्याच रात्री पन्नासेक जीबी झाकल्या जाणाऱ्या फोल्डरात जात. पहिली बंद केल्यामुळेच या शनिवारची उडी स्वच्छ दिसली.

पाहण्यासाठी नॅस काढण्याची गरज नाही. /एमएनटीमध्ये 'तळ' नावाचे एक रिकामे फोल्डर करा आणि माउंट आज्ञेला 'बाइंड' हा पर्याय देऊन मूळ फाइलप्रणाली म्हणजे / तिथे जोडा. या प्रकारच्या जोडणीत तिच्यावर जोडलेल्या इतर डिस्क सोबत येत नाहीत, त्यामुळे /एमएनटी/तळ/एमएनटी/नॅस या वाटेने झाकलेले फोल्डर दिसेल. तिथे डीयू चालवा.

मोजणीदार | शनिवार, दुपारी ३:३०

चार फोल्डरे आहेत आणि त्यांचे आकार ४९, ५१, ५२ व ५३ जीबी. एकूण २०५. ३४५ मधून १४० वजा केले की तेवढेच उरतात. आता ती काढून टाकतो.

निळीशाई | शनिवार, दुपारी ३:४०

थांबा. त्या चार रात्रींची प्रत नॅसवर नाही, म्हणजे ती जगात याच एका जागी आहे. शुक्रवारी वीज नसल्यामुळे काम कमी झाले असेल, पण गुरुवारी रात्री दीडनंतर जे काही बदलले ते शनिवारच्या फोल्डरातच नोंदले गेले असणार. आधी ती चारही फोल्डरे नॅसवर न्या, आरसिंकला तपासबेरीज (फाइलीच्या आशयावरून काढलेला आकडा) लावून दोन्हीकडची तुलना करा आणि मगच इथली काढा. काढतानाही मार्ग दोनदा वाचा. 'तळ' हा शब्द लिहायचा राहिला तर तीच आज्ञा नॅसवरील प्रतींवर चालेल.

आणखी एक शंका आहे. प्रत्येक वेळी पूर्ण ५० जीबी का गेले? रोजच्या प्रतीत न बदललेल्या फाइली नव्याने न लिहिता आदल्या प्रतीशी हार्ड लिंकने (त्याच फाइलीला दुसरे नाव देऊन) जोडण्याची सोय आरसिंकच्या लिंक-डेस्ट पर्यायात असते. स्क्रिप्टमध्ये ती आहे का?

मोजणीदार | शनिवार, सायंकाळी ५:१०

वेळीच सांगितलेत, आभार. प्रती नॅसवर नेण्याचे काम सुरू केले आहे. लिंक-डेस्ट आहे आणि तिथे कालच्या तारखेचे फोल्डर दिले जाते.

काळापडदा | शनिवार, सायंकाळी ५:४५

मग तुमच्या नॅसवरही जागा वाया गेली आहे, हे पाहून घ्या. शुक्रवारी रात्री एसएसडीवरील फोल्डरात 'कालचे' काहीच नव्हते, म्हणून आरसिंकने फक्त एक इशारा देऊन पूर्ण प्रत लिहिली. त्याच्या पुढच्या रात्री नॅस जोडलेले होते, पण त्यावर शनिवारचे फोल्डर नव्हते. म्हणजे पुन्हा जोडायला काही सापडले नाही आणि रविवारच्या तारखेची प्रतही पूर्ण लिहिली गेली. वीज गेलेल्या प्रत्येक शुक्रवारपायी दोन पूर्ण प्रती. पडताळायचे असेल तर शुक्रवार आणि रविवार ही दोन फोल्डरे डीयूला एकाच आज्ञेत द्या. हार्ड लिंकने जोडलेल्या फाइली तो एकदाच मोजतो, त्यामुळे लगतच्या साध्या दिवसांत दुसऱ्या फोल्डराचा आकडा नगण्य येतो. या जोडीत तो पूर्ण येईल. स्क्रिप्टमध्ये कालच्या तारखेऐवजी उपलब्ध असलेले सर्वांत अलीकडचे फोल्डर शोधून द्या. त्या इशाऱ्याची ओळही क्रॉन कुठे पाठवत होता ते शोधा. बहुधा स्थानिक टपालपेटीत, जी कोणी उघडत नाही.

जुनेखोड | शनिवार, रात्री ८:३०

आता पुन्हा असे होऊ नये यासाठी. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच माउंटपॉइंट या आज्ञेने /एमएनटी/नॅसवर खरोखर काही जोडले आहे का ते तपासा आणि नसेल तर तिथेच थांबा. स्क्रिप्टमधील एमकेडीआयआर या फोल्डर तयार करणाऱ्या आज्ञेला 'पी' पर्याय दिलेला असणार. तो वाटेतील सगळी फोल्डरे गुपचूप तयार करतो, म्हणून एरवी जिथे स्क्रिप्ट अडखळली असती तिथेही ती पुढे गेली.

स्क्रिप्टवरच विसंबून राहू नका, कारण उद्या दुसरे कोणी दुसरी स्क्रिप्ट लिहील. नॅस काढलेले असताना खालचे रिकामे फोल्डर चॅटर आज्ञेच्या '+आय' पर्यायाने अपरिवर्तनीय करून ठेवा. मग त्यात रूटलाही फाइल तयार करता येत नाही, पण त्यावर डिस्क जोडायला अडचण येत नाही. एफएसटॅबमध्ये नोफेलसोबत 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' हा पर्याय घातला तर आणखी चांगले. जोडणी मागणीच्या क्षणी होते. नॅस बंद असेल तर स्क्रिप्टला त्रुटी मिळते आणि सहकाऱ्याला शनिवारी सकाळी 'माउंट -ए' देण्याची गरजही उरत नाही. नोफेल काढून टाकावे असे कोणी सुचवेल, पण तसे केल्यास नॅस बंद असताना वर्कस्टेशन सुरू होताना त्या जोडणीची वाट पाहत रेंगाळेल आणि शुक्रवारी सायंकाळी तुम्हालाच दूरध्वनी येईल.

वाचनमात्र | रविवार, सकाळी १०:००

माझ्या घरच्या लॅपटॉपवर नॅस वगैरे काही नाही, फक्त बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आहे. तिथेही असे होऊ शकते का?

दूरदेशी | रविवार, सकाळी ११:२०

डेस्कटॉपने आपोआप जोडलेल्या डिस्कच्या बाबतीत शक्यता कमी आहे, कारण तो /मीडियाखाली गरजेपुरते फोल्डर तयार करतो आणि डिस्क काढली की ते काढून टाकतो. पण डिस्क जोडलेली नसताना एखाद्या ठरावीक वेळेच्या कार्यक्रमाने त्याच मार्गावर लिहिले, तर त्या नावाचे साधे फोल्डर तयार होते आणि पुढच्या वेळी तुमची डिस्क त्याच नावापुढे १ लावून वेगळ्या ठिकाणी जोडली जाते. नावापुढे असा आकडा दिसला तर जुन्या फोल्डरात डोकावून पाहा. बाहेरच्या डिस्कवरील फाइली 'डिलीट' केल्यावर त्या त्याच डिस्कवरील एका लपलेल्या कचराफोल्डरात जातात, हेही लक्षात असू द्या.

मोजणीदार | सोमवार, सकाळी ११:३०

चारही प्रती नॅसवर पोहोचल्या, तुलना केली, एसएसडीवरील काढल्या आणि बाइंड जोडणी सोडवली. डीएफ आता वापरलेली १४० जीबी आणि उपलब्ध २९४ जीबी दाखवतो. डीयूची बेरीजही १४०. निळीशाई यांनी सांगितलेली राखीव जागा ट्यून२एफएस वापरून ५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणली, त्यामुळे उपलब्ध जागा ३१२ जीबींच्या आसपास गेली. स्क्रिप्टमध्ये तपासणी घातली आहे, फोल्डर अपरिवर्तनीय केले आहे आणि ऑटोमाउंटही सुरू आहे. नॅस मुद्दाम बंद ठेवून स्क्रिप्ट चालवली, तर ती त्रुटी दाखवून थांबली आणि एसएसडीवर काही लिहिले गेले नाही.

काळापडदा यांचा नॅसबद्दलचा अंदाजही बरोबर निघाला. त्या रविवारांच्या प्रती पूर्ण आकाराच्या आहेत. त्यांच्यातील एकसारख्या फाइली पुन्हा हार्ड लिंकने जोडण्याचे सुरक्षित साधन कोणी वापरले असल्यास सांगावे. जुन्या प्रती ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप काढल्या जातातच, त्यामुळे घाई नाही.

जुनेखोड | सोमवार, दुपारी १२:१५

मुदतीने जाणार असतील तर जाऊ द्या. संग्रहित प्रतींवर अशी साधने चालवण्यापेक्षा दोन महिने जागा अडकलेली परवडते. नॅस मात्र वर्कस्टेशनच्याच यूपीएसवर घ्या आणि शुक्रवारी सायंकाळी ते आधी सुरू करायला सांगा, नाहीतर त्या रात्रीची प्रत आता कुठेच जाणार नाही.